भरदुपारचा निळा उजेड

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी स्वीडनच्या उत्तर टोकावरील आबिस्को या वस्तीत पोहोचले, ती काळ्या आकाशातला हिरवा ध्रुवीय प्रकाश टिपण्याच्या हौसेने. आठ दिवसांनी कार्ड उघडून पाहिले तेव्हा ठेवण्याजोगी निघालेली बहुतेक छायाचित्रे भरदुपारची होती. त्या दिवसांत तिथे सूर्य उगवत नाही, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट जरा चमत्कारिकच म्हणायची.

आबिस्को आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे २०० किलोमीटर उत्तरेस आहे. २१ डिसेंबरच्या आसपास तिथे मध्यान्ही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम दोन अंश असतो, आणि त्याचा मार्ग क्षितिजाला इतका तिरका असतो की संधिप्रकाश आपल्या सवयीप्रमाणे अर्ध्या तासात आटोपत नाही, तर जवळजवळ पाच तास रेंगाळतो. दक्षिणेकडे डोंगरांच्या मागे फिकट नारिंगी पट्टा असतो. सगळे पर्यटक तिकडे तोंड करून उभे राहतात, कारण लापपोर्टेन ही हिमनदीने कोरलेली, पाळण्यासारख्या आकाराची प्रसिद्ध दरी त्याच बाजूला, आग्नेयेस आहे. इथल्या मूळ रहिवाशांच्या सामी भाषेतल्या तिच्या नावाचा अर्थ कलहंसांची दरी असा आहे. मला मात्र उत्तरेकडे, तोर्नेत्रेस्क सरोवराकडे वळल्यावर खरे चित्र सापडले. सरोवरापलीकडच्या डोंगरांवर पाटीच्या रंगाचा एक पट्टा चढलेला असतो, ती खुद्द पृथ्वीची सावली. आणि तिच्या वर गुलाबी कड. पायाखालचा बर्फ वरच्या आकाशाचा निळा रंग घेऊन संपूर्ण निळा झालेला असतो.

हा निळा कॅमेऱ्याला पटत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग जुळवणारी सोय, ऑटोवर ठेवला की यंत्र निळ्या बर्फाला चूक समजते आणि ती दुरुस्त करून टाकते. पहिल्या दिवशीची माझी चित्रे एखाद्या ढगाळ सकाळी कुठेही काढावीत तशी आली होती. दुसऱ्या दिवसापासून मी रंगतापमान ५,२०० केल्विनवर, म्हणजे साध्या दिवसाच्या उजेडाच्या मापावर, बांधून टाकले. यात प्रामाणिकपणाचा एक प्रश्न आहेच, कारण डोळाही ऑटोवरच चालतो. पिवळ्या दिव्याच्या खोलीतून बाहेर पाऊल टाकताच सगळे गर्द निळे दिसते आणि दहा मिनिटांत तो निळा डोळ्यांतून उतरतो. मी छायाचित्रात ते पहिले पाऊल ठेवते. कोणी त्याला अतिशयोक्ती म्हटले तर वाद घालणार नाही.

एक्स्पोजरचेही, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा त्याचेही, तसेच आहे. प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे चौकट बर्फाने भरली की तो बर्फ राखाडी करून ठेवतो. साधारण एक ते दीड स्टॉप वाढवावे लागते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). त्यातही पडद्यावर विश्वास ठेवू नये. अंधुक उजेडात मागचा पडदा इतका झगझगीत वाटतो की अंधारलेले चित्रही उजळ दिसते. मी पडद्याची चमक अगदी कमी केली आणि फक्त हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहत राहिले.

किरुना या खाणींच्या गावाचे छायाचित्रकार बोर्ग मेश यांची आठवण इथे होतेच. १९०० च्या सुमारास किरुना ते नॉर्वेचे बंदर नार्विक हा लोहमार्ग बांधला जात असताना काचेच्या प्लेटा वाहून नेत त्यांनी हा प्रदेश टिपला. त्या काळच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत, त्यामुळे निळे आकाश आणि पांढरा बर्फ कागदावर जवळजवळ सारखेच उमटत. प्रत्येक साधन या निळ्याशी आपल्या परीने भांडते, असे दिसते.

ध्रुवीय प्रकाश पहिल्याच रात्री मिळाला. नॉर्वेच्या बाजूचे डोंगर पाऊस-बर्फ अडवतात, म्हणून आबिस्कोत वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटरच्या आसपास पर्जन्य पडते आणि आकाश बऱ्याचदा मोकळे मिळते. भिंगाचे छिद्र एफ २.८, संवेदनक्षमता आयएसओ २,०००, शटर आठ सेकंद उघडे. ताऱ्यावर हाताने फोकस करून भिंगाचे कडे चिकटपट्टीने बांधलेले. सगळे बिनचूक केले असे वाटले, पण लॅपटॉपवर पाहते तो प्रत्येक चौकटीच्या मधोमध लाकडाच्या ओंडक्यावर असतात तशी एकात एक वर्तुळे! भिंगाच्या संरक्षणासाठी लावलेला सपाट फिल्टर काढायचा राहिला होता. ऑक्सिजनचा तो हिरवा ५५७.७ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा असल्याने फिल्टरच्या दोन समांतर पृष्ठांमध्ये परावर्तित होऊन स्वतःशीच व्यतिकरण करतो, म्हणजे त्याच्या लाटा कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे पुसून टाकतात. सूर्यप्रकाशात सगळ्या तरंगलांबी मिसळलेल्या असल्याने ही वर्तुळे दिसत नाहीत. रात्रीची सव्वाशे चित्रे गेली. शिवाय मंद ध्रुवीय प्रकाश डोळ्यांना राखाडी धुरासारखा दिसतो आणि कॅमेरा त्याला पोपटी करतो, त्यामुळे या चित्रांबद्दल मला एरवीही थोडा संकोचच वाटतो.

थंडीविषयी फार लिहीत नाही. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाशी ठेवाव्यात. गारठून मेलेली बॅटरी ऊब मिळताच थोडी जिवंत होते. खोलीत शिरण्यापूर्वी, बाहेरच, कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा, म्हणजे दव पिशवीवर धरते, भिंगावर नाही. आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना श्वास रोखावा, नाहीतर काचेवर क्षणात हिमाची नक्षी उमटते. ती नखाने खरवडण्याचा मूर्खपणा मी केला आहे.

शेवटच्या दुपारी सरोवराच्या काठी बसले होते. लाटांनी भिजून भिजून काठचे दगड बर्फाच्या जाड काचेत बंद झाले होते, आणि एका दगडाच्या आत बर्चचे एक पिवळे पान अडकलेले होते, शिरांसकट. अगदी जवळचे टिपणारे मॅक्रो भिंग नव्हते, म्हणून पोटावर झोपून ३५ मिलिमीटरच्या भिंगाने जितके जवळ जाता आले तितके गेले. तेवढ्यात मागच्या मार्गावरून नार्विककडे जाणारी लोहखनिजाची गाडी आली, सुमारे ७५० मीटर लांबीची. इंजिनाच्या दिव्याचा पिवळा झोत त्या बर्फावरून एकदा सरकला. पान आणि झोत एकाच चौकटीत आले असे एकच चित्र मिळाले, थोडे हललेले. तेच आता भिंतीवर आहे.