पस्तीस किलोडाल्टनची गर्दी

नवा ट्रायझोल युरिया (एन्झाइमचं काम अडवणारं रसायन, म्हणजे इनहिबिटर) आला तो दिवस अजून डोक्यातून जात नाही. लक्ष्य होतं एबीएचडी११. या मानवी एन्झाइमचं जनुक सातव्या गुणसूत्राच्या ७क्यू११.२३ या जागी, विल्यम्स सिंड्रोम या जनुकीय विकारात गळणाऱ्या तुकड्यात, ही त्याची बरीच वर्षं एवढीच ओळख. मायटोकॉन्ड्रियातलं त्याचं लिपॉयलेशनशी (काही एन्झाइमांना लिपॉइक आम्ल जोडण्याशी) जोडलेलं काम २०२० मध्ये पुढे आलं. एन्झाइम ज्यावर काम करतं तो सब्स्ट्रेटच ठाऊक नसेल तर इनहिबिटर मोजायचा कशावर? म्हणून फ्लुओरोफॉस्फोनेट-ऱ्होडामिन प्रोब, एक चमकणारी रासायनिक खूण. तो सेरीन हायड्रोलेज या कुळातल्या एन्झाइमांच्या (एबीएचडी११ त्यातलंच) कार्यरत सेरीनला चिकटतो. इनहिबिटरने जागा आधीच अडवली असेल तर जेलवरचा पट्टा विझतो.

उंदराच्या मेंदूचा मेम्ब्रेन प्रोटिओम (पेशीपटलांतली प्रथिनं), १ मिग्रॅ/मिली, ५० मायक्रोलिटर. इनहिबिटर ३७ अंशांवर ३० मिनिटं, मग १ मायक्रोमोलर प्रोब, पुन्हा ३० मिनिटं. घड्याळ पाळावंच लागतं. असा इनहिबिटर सेरीनशी कायमचा जोडला जातो, त्यामुळे थांबाल तितका आयसी५० (एन्झाइम निम्मं अडवायला लागणारी मात्रा) खाली येतो. वेळ न लिहिता नुसता आयसी५० स्लाइडवर टाकणारे आमच्या बैठकीत भरपूर.

१०० नॅनोमोलरला पट्टा साफ. पण जिवंत पेशींना ४ तास दिल्यावर जेलवर ३५ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं एकक) या खुणेजवळ आणखी काही फिकट झालं. तिथे गर्दीच आहे: त्याच कुळातलं एबीएचडी६ आणि मॅगलचे दोन पट्टे तिथेच धावतात. शेजारचा पट्टा भडक असला की आपला त्यात बुडतो. जेल लांब चालवा, नाहीतर मास स्पेकवर (वस्तुमानावरून प्रथिनं ओळखणाऱ्या यंत्रावर) जा.

संशय मात्र कुपीवर गेला. ट्रायझोलला कार्बामॉइल जोडताना, तो कुठल्या नायट्रोजनवर बसतो त्यावरून, एन१ आणि एन२ असे दोन आयसोमर निघतात. वस्तुमान एकच, त्यामुळे दोन्ही एकत्र बाहेर आले तर घटक वेगळे करून वजन मोजणारं एलसी-एमएस ‘शुद्ध’ म्हणतं. रेणूतले प्रोटॉन दाखवणाऱ्या एनएमआरवर मात्र ट्रायझोलच्या प्रोटॉनचा दुसरा छोटा सिंगलेट (एकेरी शिखर) उभा होता. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर शुद्धता ९८%; स्पेक्ट्रम कुणी पाहिलाच नव्हता, आणि मागितल्याशिवाय देतही नाहीत.

सिलिका कॉलमने वेगळे केले. फिकट झालेला पट्टा एबीएचडी६ चा होता, आणि बराचसा दोष दुसऱ्या आयसोमरचा निघाला. बराचसा, सगळा नव्हे. शुद्ध नमुन्यानेही पेशींत तो पट्टा थोडा उतरतो, लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींत) नाही.

‘सिलेक्टिव्ह आहे का?’ याला एका शब्दात उत्तर हवं असणाऱ्यांना मी बीआयए १०-२४७४ या औषधाची गोष्ट सांगतो. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेनमध्ये, एफएएएच या एन्झाइमच्या या इनहिबिटरच्या चाचणीत एक स्वयंसेवक दगावला. पुढच्या वर्षी याच प्रोब-पद्धतीने दिसलं की तो मानवी पेशींतल्या इतरही अनेक लायपेजना (मेद तोडणाऱ्या एन्झाइमांना) धरत होता. म्हणून आमच्या नोंदीत आता ‘लायसेट, ३० मिनिटं’ आणि ‘पेशी, ४ तास’ असे दोन रकाने आहेत. दुसरा भरल्याशिवाय कंपाउंड पुढे जात नाही.