पत्ता फोनवर सांगता आला पाहिजे

ठाण्यातल्या चरईत बाबांचा छापखाना होता. एक ट्रेडल म्हणजे छपाईचं यंत्र, शिशाच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या केसा, ते खिळे जुळवणारे एक जुळारी काका, आणि लग्नसराईत घरातले सगळेच कामगार. पत्रिका जुळवताना बाबांचा एकच हट्ट असे: आधी कार्यालयाचा पत्ता, मग नवरानवरीची नावं. "नाव चुकलं तर लोक हसतील, पत्ता चुकला तर जेवण वाया जाईल," हे त्यांचं कारण.

ट्रेडल भंगारात गेली, संगणकावर मजकूर जुळवायचं डीटीपी आलं, फ्लेक्स आले, आणि त्याच गाळ्यात मी वेबसाइटी करायला लागलो. मधल्या वर्षांची गोष्ट ठाण्यातल्या बऱ्याच छापखान्यांची आहे तीच, ती पुन्हा सांगत नाही. आज आम्ही चौघं आहोत: मी, बायको आणि दोन मुली. कामं लहान. क्लासेस, दातांचे दवाखाने, गृहउद्योग, सोसायट्या. पण आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते एका विचित्र गोष्टीसाठी. वेबसाइटच्या नावानंतर तिरकी रेघ येते आणि तिच्यापुढे त्या पानाचं नाव असतं, ते आम्ही ठरवून देतो. त्याला स्लग म्हणतात. एवढ्याशा शब्दाचे पैसे? हा प्रश्न आम्हाला दर महिन्याला ऐकावा लागतो.

'स्लग' हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. खिळ्यांच्या छपाईत दोन ओळींमध्ये शिशाची जाड पट्टी घालतात, ती स्लग. लायनोटाइप यंत्र अख्खी ओळ एका तुकड्यात ओतायचं, तोही स्लग. पुढे वर्तमानपत्रांत तयार होत असलेल्या बातमीच्या छोट्या कामचलाऊ नावाला तोच शब्द लागला आणि तिथून तो वेबवर आला. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे शिसंच विकतोयस अजून."

या धंद्यात आम्ही शिरलो ते एका फजितीमुळे. नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ मंडळींच्या संघाची साइट आम्ही वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, केली होती. पानाचं शीर्षक होतं 'ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत नेत्रतपासणी शिबिर'. स्लग वर्डप्रेसनेच शीर्षकावरून बनवला, मी पाहिलाही नाही. दुसऱ्या दिवशी चिटणीस काकांचा फोन. "अहो, वर पट्टीत 'मोफ' असं का दिसतंय? त कुठे गेला?"

त गेला त्याचं कारण असं. वेबच्या पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी जात नाही. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. 'ठाणे' हा आपल्याला दोन अक्षरांचा शब्द, तिथे तो ३६ जागा खातो. एकटा 'ज्येष्ठ' ६३. वर्डप्रेसमध्ये स्लगला एकूण २०० जागा असतात. 'ज्येष्ठ नागरिकांसाठी' होईपर्यंत १७२ संपल्या होत्या, पुढे 'मोफ' बसलं आणि गाडी भरली. नेत्र, तपासणी, शिबिर, सगळे फलाटावरच.

बरं, ब्राउझरच्या पट्टीत निदान मराठी तरी दिसत होतं. काकांनी ते उचलून व्हॉट्सअॅपवर टाकलं तर टक्के, ई, शून्य, ए, चार अशी भिंतच उभी राहिली. सभासदांना वाटलं व्हायरस आहे, कुणी बोट लावेना. मग काकांनी एसएमएस पाठवायचं ठरवलं. मराठी मजकुराचा एक एसएमएस ७० अक्षरांचा. तो मोठा झाला की तुकडे पडतात आणि एकेका तुकड्यात ६७ च उरतात. लिंक आणि दोन ओळी मिळून एकेका सभासदामागे पाच मेसेजचे पैसे लागणार होते. मी स्लग बदलून रोमन लिपीत 'नेत्र' केला. पाच अक्षरं, आणि दुसरं स्पेलिंग करायला जागाच नाही. काकांनी तो फोनवर तोंडी सांगायला सुरुवात केली, आणि तेव्हा मला कळलं की आपण विकायचं ते हे.

मराठीचा अभिमान कुठे गेला, असं विचारणारे भेटतात. माझं मत असं, की जे पान लोक शोधून वाचणार, कथा असो की पाककृती, तिथे देवनागरी स्लग शोभतो, फक्त हाताने छोटा करून घ्या. जो पत्ता पत्रकावर छापायचाय, फोनवर सांगायचाय, तो रोमनच ठेवा.

आणि खरी डोकेफोड रोमनमध्येच आहे. फराळ एफने की पीएचने? चकलीत क नंतर ए घालायचा का? ळ चं काय करायचं? एका क्लासवाल्या सरांच्या फ्लेक्सवर कोपरखैरणे एका तऱ्हेने, व्हिजिटिंग कार्डावर दुसऱ्या आणि लिंकमध्ये तिसऱ्या तऱ्हेने होतं. तिन्ही बरोबर. नवी मुंबईतल्या पाट्यांवरही तुम्हाला एकाहून जास्त स्पेलिंगं सापडतील. आम्ही आता आधी गिऱ्हाइकाचे व्हॉट्सअॅप मेसेज मागतो. लोक तो शब्द टाइप करताना काय लिहितात ते पाहायचं, सर्वात जास्त वेळा दिसेल ते स्पेलिंग मुख्य, बाकीची सगळी त्याच्याकडे वळवलेली. नाव निवडतानाही तोच नियम. तलावाचं नाव मासुंदा आहे, पण रिक्षावाल्याला आपण तलावपाळीच सांगतो. स्लग तलावपाळीचा हवा.

वळवणं म्हणजे काय हे समजवायला मी मुंबईच्या व्हीटी स्टेशनचा दाखला देतो. स्टेशनचं नाव १९९६ मध्ये बदललं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं, तरी टॅक्सीत बसून 'व्हीटी' म्हणा, माणूस बरोबर नेऊन सोडतो. सर्व्हरला, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाला, हे शिकवावं लागतं. त्याचा आकडा ३०१, अर्थ 'कायमचं हललंय, इकडे जा'. ३०२ म्हणजे तात्पुरतं.

हे ज्ञान फुकट मिळालं नाही. घंटाळीकडच्या एका वहिनींचा फराळाचा गृहउद्योग आहे. त्यांची साइट आम्ही नव्याने केली आणि जुने पत्ते कसे गबाळे होते म्हणून सगळे झकास करून टाकले. वळवायचं विसरलो. वहिनींच्या गिऱ्हाइकांनी आदल्या दिवाळीची लिंक चॅटमध्ये जपून ठेवली होती. ती दाबली की ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही'. नेमक्या ऑर्डरींच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला, "भाऊजी, लोक विचारतायत, धंदा बंद केलात का?" त्या वर्षीचे पैसे मी घेतले नाहीत. घेण्यासारखं तोंडही नव्हतं. वेब ज्यांनी घडवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी चांगले पत्ते बदलत नाहीत असं १९९८ मध्येच बजावून ठेवलंय. मी ते वाचलेलंही होतं.

त्या जुन्या स्लगमध्ये आणखी एक घाण होती, ती म्हणजे वर्षाचा आकडा. दरवर्षी येणाऱ्या गोष्टीच्या पत्त्यात वर्ष घातलं की पुढच्या दिवाळीला एक तर पत्ता बदला, नाही तर शिळ्या आकड्याखाली ताजे दर लावा. आता वहिनींचं पान नुसतं 'फराळ' आहे, एफवालं. पीएचवालंही तिथेच येतं.

बारक्या चुका तर किती. आमच्याच जुन्या साइटचा पत्ता मी फ्लेक्सवर दिसायला भारदस्त म्हणून सगळा कॅपिटलमध्ये छापला. वेबसाइटच्या नावाला त्याने फरक पडत नाही, पण तिरक्या रेघेपुढे लिनक्स सर्व्हर लहान-मोठं अक्षर वेगळं धरतो. फ्लेक्स बदलावा लागला. शब्द जोडायला मधली आडवी रेघ वापरायची, खालची नाही. लिंक अधोरेखित झाली की खालची रेघ त्यात बुडून जाते.

"क्यूआर आहे ना, मग पत्ता कशाला?" हे हल्लीचं. घोडबंदर रोडवर चालत्या बसमधून कोण स्कॅन करणार? शिवाय क्यूआरमध्ये पत्ताच भरलेला असतो. तो जितका लांब तितक्या चौकटी वाढतात. सर्वात लहान क्यूआर २१ गुणिले २१ चौकटींचा, सर्वात मोठा १७७ गुणिले १७७ चा. दोन इंचात लांबलचक पत्ता कोंबला की खसखस सांडल्यासारखं दिसतं, आणि मशीनवर शाई जरा फुटली की संपलं. छापखान्यात वाढल्याचा एवढा फायदा, हे आधी दिसतं.

आमची शेवटची तपासणी आजही घरीच होते. स्लग ठरला की बायको बाबांना फोन लावते आणि एकदाच सांगते. बाबा वहीत लिहून परत वाचून दाखवतात. त्यांनी "ई की आय?" विचारलं की तो स्लग बाद. गेल्या आठवड्यात एका दंतवैद्य बाईंसाठी 'दात' सांगितला. आम्हाला वाटलं, याहून सोपं काय असणार. पलीकडून बाबा म्हणाले, "थांब, ए एक की दोन?"

बाईंना तसं कळवलंय. दुसरा शब्द शोधतोय.