आधी साथ, मग लढाई

शुक्रवारचं व्याख्यान चांगलं झालं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहीन त्यावरून तसं वाटणार नाही. विषय १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. सभागृह गच्च भरलं होतं, मागच्या भिंतीला टेकून मुलं उभी होती. सरांची मांडणी नेहमीसारखी पक्की. जूनमध्ये मुंबई बंदरात साथ दिसली, ती पहिली लाट त्या मानाने सौम्य. मग सप्टेंबरपासूनची दुसरी, रेल्वेच्या वाटेने गावोगाव गेलेली, तरण्याताठ्यांना उचलून नेणारी. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, विसाव्या शतकात असं एकदाच झालं. हे आकडे मला पाठ आहेत, तरी परवा ऐकताना अंगावर काटा आला.

मग प्रश्नोत्तरं. ऐंशीच्या आसपासच्या एक बाई उठल्या. माईक हातोहात त्यांच्यापर्यंत पोचला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला, फार जवळ, त्यामुळे आवाज फाटत होता. म्हणाल्या, "आमची आजी सांगायची, आधी साथ आली आणि मग लढाई. साथीत तिची धाकटी जाऊ गेली. तिचं तान्हं आजीनेच पाजलं..."

सर म्हणाले, "क्रम उलटा आहे, बाई. लढाई १९१४ ला सुरू झाली. तुमचा प्रश्न काय?"

हशा झाला. मोठा नाही, पण झाला. बाई म्हणाल्या, "प्रश्न नाही," आणि बसल्या. माईक पुढे गेला.

सरांचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. सालं बरोबरच होती, बरेच हात वर होते, सभागृह साडेसातला रिकामं करून द्यायचं होतं. हे मी तीन दिवस स्वतःला समजावते आहे. तरी ते तान्हं मूल डोक्यातून जात नाही. पुढे त्याचं काय झालं? जगलं का? वाक्य तिथेच तुटलं.

आणि मला उद्या वृत्तांत द्यायचा आहे. विभागाच्या वार्तापत्रात माझं काम तेवढंच: अमुक तारखेला अमुक विषयावर व्याख्यान संपन्न झालं, श्रोत्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, आभारप्रदर्शनाने सांगता झाली. प्रबंध राहिलाय, त्याबद्दल आज नको. पण सगळ्यांनी पुढे जायचं आणि मी मागे खुर्च्या मोजत फोटोखालच्या ओळी लिहायच्या, हे आज फार लागलं. त्या बाईंच्या जागी मीच बसले होते असं वाटत राहिलं.

एम.ए.च्या मुलांना आम्ही काय शिकवतो? इटलीतल्या तेर्नी शहरात मार्च १९४९ मध्ये लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण पोलादकामगार पोलिसांशी झालेल्या झटापटीत मेला. नाटोत जाण्याविरुद्ध कामगार बाहेर पडले होते, तेव्हा. १९७० च्या दशकात मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली तिथल्या लोकांशी बोलले, तर अनेकांनी तो मृत्यू १९५३ मध्ये घातलेला. कारखान्यातून दोन हजारांवर माणसं काढली, त्या वेळच्या आंदोलनात. पोर्तेल्लींनी त्यांना दुरुस्त केलं नाही. साल का सरकलं, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. आपला माणूस मेला आणि आपण काही करू शकलो नाही, ही बोच लोकांनी त्या मोठ्या लढ्यात नेऊन ठेवली होती. हे आम्ही वर्गात तास तास रंगवून सांगतो, परीक्षेला दहा गुणांना विचारतो. आणि जिवंत माणूस समोर उभं राहिलं की १९१४.

त्या घरातला कुणी पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याच्या आघाडीवर गेला असेल, साथ ओसरल्यावर परतला असेल, आणि लढाई घराला कळली ती तेव्हाच, त्याच्या तोंडून. असं असेल तर त्या घरापुरता आजीचा क्रम बरोबरच.

इथवर लिहून उठले, भांडी घासली, आणि भांडी घासताना सुचलं ते लिहायला परत बसले. आजीची लढाई १९१४ ची होती हे कुणी ठरवलं? आम्ही! बाई नुसतं 'लढाई' म्हणाल्या होत्या. ती १९३९ ची असली तर? १९१८ मध्ये विशीत असलेल्या बाईला तीही आठवत असणारच, महागाई, रेशन, काळाबाजार, सगळी. मग काहीच उलटं नाही. आधी साथ, मग लढाई. अख्खं सभागृह इतिहासाच्या माणसांनी भरलेलं आणि एकानेही विचारलं नाही, कुठली लढाई, आजी?

हे सुचल्यावर का कोण जाणे, जरा हलकं वाटलं. राग गेला. सरांना हे सांगितलं तर ते पहिले कपाळाला हात लावतील, मी ओळखते त्यांना. बाई मात्र कुणाच्याच ओळखीच्या नाहीत. दारावरच्या नोंदवहीत नाव, संस्था आणि सही एवढेच रकाने, फोन नंबर कुणीच मागत नाही. संस्थेच्या रकान्यात नुसती रेघ मारलेल्या नोंदी चार-पाच आहेत, त्यातली एक त्यांची असेल. चौकशी करायची.

वृत्तांत तसाच लिहिलाय, एक वाक्य जास्तीचं घालून: "एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेली साथीची आठवण सांगितली." संपादनात राहिलं तर राहिलं.

पुढच्या महिन्यात १९७२ च्या दुष्काळावर व्याख्यान आहे. साठी ओलांडलेली कितीतरी माणसं येतील, काहींनी लहानपणी आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडलेली असेल. व्याख्यानानंतर शेजारची खोली तासभर उघडी ठेवावी, ज्यांना सांगायचंय त्यांनी तिथे बसून सांगावं, असं उद्या सरांपुढे मांडणार आहे. मुलं लिहून घेतील. विभागाच्या कपाटात एक रेकॉर्डर आहे, चालतो का ते सकाळी बघते.