सियालदहच्या शाळेचे फाटक

सोलापुरात 'कॉन्व्हेंट' हा शब्द उच्चारला की इंग्रजी, शिस्त आणि कडक इस्त्रीचा गणवेश एवढ्याच गोष्टी लोकांच्या डोळ्यांपुढे येतात. पूर्व भागातील मराठी माध्यमाच्या एका मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर शिकवले. त्या काळात ज्या कॅथलिक शाळेने मला सर्वाधिक शिकवले, ती आपल्या गावची नव्हे, तर कोलकात्यातील सियालदह स्थानकाजवळची लोरेटो शाळा आहे. तिचे इंग्रजी उत्तम असेलच, पण माझे लक्ष वेधले ते तिच्या फाटकाने.

ते फाटक समजून घ्यायचे तर मागे, थेट सतराव्या शतकात जावे लागते. मेरी वॉर्ड ही १५८५ साली यॉर्कशायरमध्ये जन्मलेली इंग्रज कॅथलिक स्त्री. तिच्या देशात त्या काळी कॅथलिकांचा छळ चालू होता, म्हणून काही मैत्रिणींसह ती समुद्रापलीकडे, आजच्या फ्रान्समधील सेंट ओमेरला गेली आणि तेथे तिने मुलींची शाळा काढली. त्या काळच्या नियमानुसार कॅथलिक संन्यासिनींनी (नन) मठाच्या भिंतींआड राहायचे असे. या स्त्रिया मात्र भिंतीबाहेर वावरत, प्रवास करत, शिकवत. आपल्या या संन्यासिनींच्या संघाला मान्यता मिळवण्यासाठी मेरी आल्प्स ओलांडून पायी रोमला गेली, तरी १६३१ साली पोपने तिचा संघ बरखास्त केला आणि तिला म्युनिक येथील एका मठात कोंडण्यात आले. कोठडीतून ती आपल्या सहकारिणींना लिंबाच्या रसाने पत्रे लिहीत असे, कारण तो कागद उबेला धरला तरच अक्षरे दिसतात. 'पुढील काळात स्त्रिया पुष्कळ काही करतील' असे तिने १६१७ साली आपल्या सहकारिणींना सांगितले होते. त्या काळी असे बोलायला काय छाती लागली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिच्याच परंपरेतील आयरिश शाखा म्हणजे लोरेटो. १८४१ च्या डिसेंबरअखेर या शाखेच्या तरुण स्त्रिया डब्लिनहून जहाजाने कोलकात्याला पोहोचल्या आणि १८४२ च्या जानेवारीत त्यांची शाळा सुरूही झाली. पुण्यात भिडे वाड्यात १८४८ साली शाळा भरली, त्याच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. तरीही दोन्ही घटना एकाच पारड्यात घालणे मला पटत नाही. कोलकात्याची ती शाळा सुरुवातीला प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी होती, तर सावित्रीबाईंनी ज्यांना कोणीच शिकवत नव्हते त्यांच्यापासून आरंभ केला. लोरेटोला त्या टोकापर्यंत पोहोचायला बराच काळ लागला. मदर तेरेसा १९४८ पर्यंत याच संघात होत्या आणि कोलकात्यातील एंटालीच्या शाळेत शिकवत होत्या, हे मात्र आवर्जून सांगायला हवे.

सियालदहच्या शाळेत हे अंतर कापले ते सिस्टर सिरिल मूनी यांनी. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाई १९५६ साली भारतात आल्या आणि १९७९ साली या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांनी हळूहळू निम्म्या जागा फी देऊ न शकणाऱ्या मुलींना दिल्या. गणवेश सर्वांना एकच, त्यामुळे वर्गात कोण फी भरते आणि कोण भरत नाही हे बघून ओळखता येत नसे. नंतर रस्त्यावर राहणाऱ्या मुलींसाठी फाटक उघडले. त्या दिवसभरात केव्हाही याव्यात, पाचवीपासून पुढच्या विद्यार्थिनींनी एकीने एकीला शिकवावे आणि तयारी झाली की त्या मुलीला तिच्या वयाच्या इयत्तेत एखाद्या शाळेत घालावे, अशी ती पद्धत होती. पुढे यांतील अनेक मुली रात्रीही शाळेतच राहू लागल्या. हे कोणा संस्थेने दिलेले दान नव्हते. विद्यार्थिनींच्या वेळापत्रकातच ते काम धरलेले होते, आणि मला त्यातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. २००७ साली सिस्टर सिरिल यांना पद्मश्री मिळाली. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्याविषयी वाचल्यावर आम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववीच्या मुलींना विडी कामगारांच्या घरची मुले शिकवायला बसवू लागलो. सियालदहच्या तुलनेत ते काम फारच लहान होते. एका शनिवारी दहा वर्षांची एक मुलगी आली. घरी आईबरोबर विड्या वळून तिच्या बोटांना तंबाखूचा वास लागलेला होता. तिला शंभरापर्यंतचे आकडे लिहिता येत नव्हते, म्हणून नववीची मुलगी तिला एकपासून गिरवायला लावत होती. काही वेळाने ती कंटाळून म्हणाली, "अक्का, मला मोजता येतं." आणि पंचवीस विड्यांची एक जुडी या हिशेबाने ती आपल्या घरच्या तेलुगूत म्हणू लागली : इरवै ऐदु, याभै, डेब्भै ऐदु, वंद. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, म्हणून ती चाळीस जुड्यांपर्यंत न अडखळता गेली. नववीच्या मुलीने तिच्या पुढची पाटी बाजूला सारली, आपली वही उघडली आणि तिला म्हणाली, "पुन्हा म्हण, सावकाश. मी लिहून घेते."