फारोचं 'उद्या'

गुरुवार, रात्री साडेदहा

आज सकाळी तात्यांकडे जाऊन आलो. जायला 18 दिवस लागले. त्यांचं घर आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे.

सगळं आजच लिहून ठेवतो. माझं मन फार हुशार आहे, चार दिवसांत हीच गोष्ट ते मला शोभेल अशी करून ठेवेल.

हंगामाच्या सणाला आमच्या चर्चच्या मंडळीत लोक बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या, कुणी घरी केलेला केक असं काय काय आणतात. उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. पैसे लिहून घ्यायचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडे. वही माझी, पेन माझं, आणि खरं सांगायचं तर रुबाबही माझाच. यंदा तात्यांनी एक गावरान कोंबडी बोली चढवत चढवत 650 रुपयांना घेतली. बाजारात स्वस्तात मिळाली असती. पण लिलावात कोंबडी घ्यायला कोण येतं? देवाला द्यायचं असतं, आणि एकदा तरी चारचौघांत हात वर करायचा असतो.

पुढच्या रविवारी मी बाकी राहिलेल्यांची नावं वाचली. तात्या उठून म्हणाले, "मास्तर, म्या दिले की. त्याच दिवशी. तुमच्याच हातात."

मी वही पुढे धरली. "दिले असते तर इथे लिहिलेले नसते का, तात्या?"

आवाज चढवला नाही. हसून म्हणालो. मागच्या बाकावरचे दोघं-तिघंही हसले. तात्या जरा वेळ वहीकडे बघत राहिले. मग त्यांनी बंडीच्या खिशातून कापडी पिशवी काढली, पैसे मोजले आणि दिले. मी 'जमा' लिहून खाली रेघ मारली. रेघ मी पट्टीने मारतो.

त्याच्या पुढच्या रविवारी 'उपासना संगीत' हे आमचं भजनांचं पुस्तक उघडलं, तर कवी ना. वा. टिळकांच्या एका भजनाच्या पानात चौपदरी घडी. पाचशेची एक, शंभराची एक, पन्नासची एक. नोटांना तंबाखूचा वास होता. लिलावाची ती गर्दी डोळ्यांपुढे आली. काखेत पुस्तक, हातात वही, समोर तिघं एकदम बोलतायत, आणि 'नंतर लिहू' म्हणून मी काहीतरी पानात सरकवलेलं. सगळं एका क्षणात आठवलं. तरी भजन संपेपर्यंत मी गात होतो. आवाजही चांगला लागला होता.

उपासना सुटल्यावर तात्या फाटकापाशी उभे होते. मनात म्हटलं, इतक्या लोकांत कशाला, उद्या घरी जाऊन सांगू.

आता या 'उद्या'विषयी. रोजच्या वाचनात माझं बायबलमधलं निर्गमचं पुस्तक चालू आहे. आठव्या अध्यायात मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, देवाच्या शिक्षेने बेडूकच बेडूक होतात, अंथरुणात, भट्टीत, कणकेच्या काथवटीत. तिथला राजा फारो इस्राएलांचा पुढारी मोशे याला बोलावतो आणि म्हणतो, हे बेडूक घालवायची तुझ्या देवाला विनंती कर. मोशे विचारतो, कधी करू? आणि फारो म्हणतो, "उद्या." लहानपणापासून हा अध्याय कितीदा वाचला असेल, पण या शब्दावर कधी अडलो नव्हतो. घरभर बेडूक, उशाशी बेडूक, आणि हा माणूस आणखी एक रात्र मागून घेतो! 'आत्ता' म्हटलं असतं तर आपण हरलो हे दिसलं असतं. 'उद्या' म्हटलं की वेळ ठरवणारा राजा आपणच राहतो. पुढे गळवांच्या पीडेनंतर परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं असं येतं, पण बेडूक मेल्यावर मात्र फारोने स्वतःच ते केलं. मूळ हिब्रूत तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ 'जड केलं' असा होतो. आमच्या बोअरच्या पाण्याला आम्ही जडच म्हणतो. हंड्यात ते स्वच्छ दिसतं. गीझरची कॉइल काढली की कळतं, बोटभर पांढरा थर.

माझा थर कसा चढला ते लिहितो.

आधी मी बायबलमधल्या 51व्या स्तोत्राचा आधार घेतला. तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं, असं दावीद राजा देवाला म्हणतो. म्हटलं, बघा, प्रकरण शेवटी माझं आणि देवाचं. तात्यांचा संबंध कुठे येतो? रात्री गुडघे टेकून सविस्तर प्रार्थना केली, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. झोप छान लागली.

मग पुढच्या रविवारी ते 650 रुपये पाकिटात घालून, नाव न लिहिता, दानाच्या थाळीत टाकले. देवाचे देवाला पोचले, हिशेब चुकता. तात्या मात्र मंडळीच्या लेखी पैसे बुडवू पाहणारे म्हातारेच राहिले. ते या हिशेबात कुठल्या रकान्यात बसत नव्हते.

आणि गेल्या रविवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. त्याआधी सगळे मिळून पापांगीकार म्हणतात, तो मीही खड्या आवाजात म्हटला. विचाराने, शब्दाने व कृतीने पाप केलं हे कबूल करायला मला आजवर कधी जड गेलं नाही. त्यात कोंबडी नसते, वही नसते, मागच्या बाकावरचं हसू नसतं. भाकर घेतली, प्याला घेतला. हात जरासुद्धा थरथरला नाही. घरी येऊन जेवायला बसलो आणि ते आठवलं, हात थरथरला नाही हे. त्याचीच भीती वाटली.

त्या रात्री ते स्तोत्र पुन्हा काढलं. या वेळी वरचं शीर्षक वाचलं, जे मी एरवी सोडून देतो. मुख्य गवयासाठी, असं तिथे आहे. शिवाय नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तेव्हाचं, आणि जिच्याबाबत त्याने पाप केलं त्या बथशेबेचं नावही. म्हणजे राजाने आपलं पाप नावानिशी गवयाच्या हातात दिलं, सगळ्यांनी गावं म्हणून. आणि मी त्याच्याच आडोशाला लपलो होतो.

नंतर बायबलमधल्याच गणना या पुस्तकाचा पाचवा अध्याय. अपराध कबूल करावा, मुद्दल परत करावं, त्यात पाचवा हिस्सा घालावा आणि ते ज्याचा अपराध केला त्याला द्यावं. थाळीत टाकावं असं नाही. 650चा पाचवा हिस्सा 130. एकूण 780. हे तोंडी करताना मला बरं वाटलं हेही लिहून ठेवतो. आकडा दिसला की माझ्यातला हिशेबनीस खूश होतो, पश्चात्ताप राहतो बाजूला.

तरी तीन दिवस गेलेच.

आज तात्या ओट्यावर उन्हाला बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, पैसे माझ्या पुस्तकात सापडले, तुम्ही दिले होते, मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. रागावतील, किंवा 'जाऊ द्या मास्तर' म्हणतील, या दोन्हींची तयारी करून गेलो होतो. ते म्हणाले, "म्हंजी म्या दिले व्हते?"

"हो तात्या."

"मला वाटलं माझंच डोकं गेलं. घरी पण तसंच सांगितलं. पेन्शन आता सूनबाईच आणती, मीच म्हणलं, माझ्या हातात ठिवू नका."

हे माझ्या कुठल्याच प्रार्थनेत आलं नव्हतं. मी त्यांची अब्रू घेतली एवढंच मी मोजत होतो.

पैसे पुढे केले. त्यांनी ओठ हलवत मोजले. "हे वरचे कशाचे?" मी गणनाचं सांगितलं. "शास्त्रात हाये म्हणता तर ठेवतो," म्हणून त्यांनी ते पिशवीत घातले. मंडळीत रविवारी उभा राहून सांगेन म्हणालो. त्यावर नुसती मान हलवली. मग आत वळून सुनेला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन दारात आली.

"मास्तर," तात्या म्हणाले, "परत सांगा."

मी परत सांगितलं. आत टीव्ही मोठ्याने चालू होता, तिला नीट ऐकू गेलं नाही. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं.