केरवोखे

आम्ही पुण्याहून श्टुटगार्टला राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी आमच्या दाराच्या मुठीला एक लहानशी लाकडी पाटी अडकवलेली दिसली. तिच्यावर एकच शब्द होता : ‘केरवोखे’. जर्मनच्या दोन परीक्षा मी पुण्यातच दिल्या होत्या, पण हा शब्द कुठल्याही धड्यात आला नव्हता. ‘वोखे’ म्हणजे आठवडा एवढे कळले आणि ‘केर’ तर आपलाच शब्द वाटला. (जर्मनमध्ये ‘केरेन’ म्हणजे झाडणे. मराठीतल्या केराशी त्याचे काही नाते आहे असे मी म्हणत नाही, पण तो शब्द मला कधी पाठ करावा लागला नाही.) पाटीचा खरा अर्थ समजावून दिला तो समोरच्या दारात राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या आजींनी. परदेशातल्या राहणीविषयी मला जे काही कळले आहे, त्यातले बहुतेक याच आजींकडून कळले आहे.

पाटी ज्याच्या दारावर, त्या घराने त्या आठवड्यात इमारतीची झाडलोट करायची. धाकट्या केरवोख्यात आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडून पुसायचा असतो. थोरल्या केरवोख्यात प्रवेशदार, तळघराची वाट, अंगण आणि इमारतीसमोरचा पदपथही आपल्या वाट्याला येतो. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर जाते. या श्वाबियन प्रांतात ही रीत फार जुनी आहे. प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी, असा नियम श्टुटगार्टच्या 1492 च्या शहर कायद्यात होता. शहराने केरवोख्याची सक्ती 1988 साली उठवली, परंतु भाडेकरारांत हे कलम आजही असते आणि आमच्या करारातही सातव्या पानावर ते होते. मी ते वाचलेही होते. जिना शनिवारी दुपारपर्यंत पुसून व्हावा अशी शेजाऱ्यांची अपेक्षा असते आणि रविवारी झाडू हातात घेतलेला कोणालाही आवडत नाही, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. आजी स्वतः बादली घेऊन आल्या. जिन्याच्या पायरीचा कोपरा फडक्याने कसा काढायचा, कठड्याच्या खालची पट्टी का विसरायची नाही, हे त्यांनी वाकून दाखवले, आणि त्यांच्या गुडघ्यांकडे पाहून मला फार संकोच वाटला.

त्याआधीच्या आठवड्यात आमची एक चूक झाली होती आणि ती चांगलीच महागात पडणार होती. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ते सारे आम्ही वेळेवर केले. नोंदणीनंतर करक्रमांक टपालाने घरी येतो, आणि तो कार्यालयात दिला नाही तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो, हेही आम्हाला ठाऊक होते. पत्राची वाट पाहत आम्ही बसलो होतो, पण पत्र काही येईना. एके दिवशी खाली भेटल्यावर आजींनी टपालपेटीकडे बोट दाखवून विचारले, “तुमचे नाव कुठे आहे?” इथल्या इमारतींमध्ये बहुधा घरांना क्रमांक नसतात, घंटीवर आणि पेटीवर आडनाव असते, आणि पोस्टमन त्या आडनावावरूनच पत्र टाकतो. आमच्या पेटीवर जुन्याच भाडेकरूचे नाव होते. म्हणजे आमची पत्रे आली तशी परत जात होती. आजींनी घरातून कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी आणली, माझ्याकडून आडनाव एकेक अक्षर करून लिहून घेतले आणि स्वतःच्या हाताने ते चिकटवले. करक्रमांक पुन्हा मागवावा लागला, तो तीन आठवड्यांनी आला.

तिसरी गोष्ट खिडक्यांची. पहिल्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. थंडी आत येऊ नये म्हणून मी खिडकी दिवसभर वरून थोडी कलती ठेवत असे आणि त्यातच सगळे चुकत होते. आपल्या स्वयंपाकात वाफ फार असते. कुकरच्या शिट्ट्या, उकळते वरण, शिवाय घरातच वाळत घातलेले कपडे. खिडकी नुसती कलती ठेवल्याने ती वाफ पुरेशी बाहेर जात नाही. उलट खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि वाफेचे पाणी नेमके तिथेच धरते. आजींनी सांगितले की दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटे सताड उघडायच्या, हीटर तेवढा वेळ बंद ठेवायचा, आणि मग सगळे गच्च लावून घ्यायचे. उणे पाच अंशांत हे करायला पहिल्यांदा धीर होत नाही. पण भिंती तेवढ्या वेळात गार होत नाहीत आणि कोरडी हवा लवकर तापते. पुढच्या हिवाळ्यात बुरशी आली नाही.

इथे मराठी घरे पुष्कळ आहेत. श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरे आहेत, आणि चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझचे मुख्यालय इथलेच, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्यांची ये-जा सतत चालू असते. डाळ-तांदूळ कुठे मिळतात, मुलांच्या शाळेचे कसे करायचे, हे सगळे आपल्या माणसांनी मायेने सांगितले आणि त्यांचे उपकार आहेतच. पण या इमारतीत, या जिन्यावर कसे राहायचे, ते इथे चाळीस वर्षे राहिलेल्या माणसालाच ठाऊक होते. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आता आग्रहाने सांगते की सामान लावायच्या आधी समोरचे दार वाजवा आणि आपले नाव सांगा.

गेल्या दिवाळीत मी आजींना चिवडा आणि करंज्या दिल्या, तेव्हा त्यांनी हात पुढे करून आपले पहिले नाव सांगितले आणि म्हणाल्या, “आता आपण ‘डू’ म्हणूया.” जर्मनमध्ये ‘झी’ आणि ‘डू’ म्हणजे आपले ‘तुम्ही’ आणि ‘तू’, आणि ‘डू’वर यायचे ते वयाने मोठ्या व्यक्तीने पुढाकार घेतल्यावरच. हा केवढा मान आहे ते मला त्या क्षणी कळले आणि मी ‘हो’ म्हटले. पण माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला ‘तू’ म्हणायला जीभ वळत नाही. आजही जिन्यात भेटल्यावर तोंडातून आधी ‘झी’च निघते, आणि त्या बोट उगारून मला थांबवतात.