घडीची वही

आठवीला मराठी शिकवते. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, आणि मराठी शाळेत आल्यावर. त्यांना ‘शाळेची घंटा बोलू लागली तर’ असा निबंध दिला की गाईडमधला उतारा जसाच्या तसा उतरतो, चाळीस वह्यांत तीच एक घंटा. याचा मला इतका कंटाळा आला होता की जूनपासून वेगळी वही सुरू केली. फळ्यावर एक अर्धं वाक्य लिहायचं, मुलांनी दहा मिनिटं थांबायचं नाही, खोडायचं नाही, पुढे लिहीत राहायचं. मार्क नाहीत. आणि एक नियम, जे पान मॅडमनी वाचू नये असं वाटतं त्याची उभी घडी घालायची, मी ते उघडणार नाही, खाली फक्त तारीख टाकणार. मुलांनीच तिला घडीची वही म्हणायला सुरुवात केली.

अर्धं वाक्य शोधणं हेच खरं काम आहे आणि त्यात माझे रात्री तास तास जातात. ‘मला आनंद होतो जेव्हा...’ असलं मोठं दिलं की मुलं सुविचार लिहितात. ‘आज नळाला पाणी आलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी...’ असं दिलं की पेन थांबत नाही, कारण चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या शहरात प्रत्येक घरात त्या वेळी एक आख्खं नाटक चालू असतं, कुणाची घागर, कुणाची मोटर, कोण झोपेचं सोंग घेतंय. एप्रिलमध्ये देता येईल म्हणून उन्हाच्या नावाने तक्रार अर्ज राखून ठेवलाय. शेंगाचटणीने कडक भाकरीला लिहिलेली चिठ्ठी दिली तेव्हा एका मुलीने लिहिलं की तू मोडतेस तेव्हा मला भीती वाटते, आता तुझ्याऐवजी मीच मोडेन. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर ‘नंदीध्वज गेले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त...’ असं दिलं. नंदीध्वजांच्या सात उंच काठ्या, एवढी गर्दी, आणि एकाने लिहिलं, समोरच्या काकांच्या शर्टाचा उसवलेला खांदा. मला हे फार आवडतं, वरच्या पट्टीतल्या वर्णनापेक्षा मला हा खांदा हवा असतो. आमच्याकडे काही सहकाऱ्यांना हे टाइमपास वाटतं, सिलॅबस कधी संपवणार म्हणतात. त्यांचा सिलॅबस संपतो, मुलांना चार ओळी स्वतःच्या लिहिता येत नाहीत, हे कुणी बघत नाही.

तर फेब्रुवारीतल्या एका दिवशी मी दिलं, ‘आमच्या घरातला असा एक आवाज, जो थांबला की जाग येते...’

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा. दुसऱ्या तासाला हमखास डोकं टेकलेलं. शेजारचा रोज सांगायचा, मॅडम ह्यो परत झोपलाय बघा. स्टाफरूममध्ये ठरलेलं, रात्रभर मोबाईल. मीपण तेच धरून चालले होते, घरी जाऊन चौकशी केली नाही. याची वही जूनपासून जवळजवळ कोरी. त्या दिवशी पाच ओळी होत्या, घडी नव्हती.

पहिल्याच ओळीत ‘मग्गम’ दिसलं आणि सवयीने माझं लाल पेन त्याच्यावर गेलं, ‘मग’ चुकीचं लिहिलंय वाटलं. अर्धा गोल काढून झाल्यावर कळलं की तेलुगूत कापड विणायचा माग म्हणजे मग्गम.

त्याने लिहिलेलं असं होतं: ‘आमच्या घरात मग्गमचा आवाज होता. लाईट गेली की तो थांबायचा मग आम्ही सगळे उठायचो. दिवाळीनंतर पप्पांनी मग्गम भंगारात दिला. आता लाईट असून पण थांबलाय. त्यामुळे मी रात्री उठतो.’

ज्यांच्या घरात लूम नाही त्यांना हे कदाचित कळणार नाही. धोट्याची ती खटखट भिंतीतून, जमिनीतून अंगात येते, पाळण्यातलं मूल त्यातच झोपतं, बाहेरच्या पाहुण्याला मात्र रात्रभर डोळा लागत नाही. इकडे कित्येक घरांतले माग असे किलोवर गेलेत. पण त्याचा झोपेशी असा संबंध मला, या भागात इतकी वर्षं शिकवून, सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही. चांगलं लेखन कसं असतं ते दाखवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता, त्याचा आणि माझ्या वाक्याचापण. ‘मग्गम’ म्हटल्यावर निम्मा वर्ग खुदकन हसला, घरचा शब्द मॅडमच्या तोंडून आला म्हणून, वाईट हेतूने नाही. पण भंगार शब्दाला सगळे गप्प झाले आणि तीन-चार जणांनी मागे वळून बरोब्बर त्याच्याकडे बघितलं. एका गल्लीतली मुलं, कुणाच्या दारातून टेम्पोत काय चढलं ते सगळ्यांना माहीत असतं.

1986 मध्ये प्रसिद्ध झालेला पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग मी ट्रेनिंगमध्ये ऐकला होता. कॉलेजच्या मुलांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या दुखऱ्या गोष्टींवर लिहायला लावलं, आणि घटना नि भावना दोन्ही लिहिलेल्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मी तो पालकसभेत अभिमानाने सांगते. त्या मुलांचं लिहिलेलं कुणी वर्गात वाचून दाखवलं नव्हतं, हे मला त्या दिवशी संध्याकाळी भांडी घासताना आठवलं.

घडी नव्हती म्हणजे वाचा, असं मी धरलं. पण घडी नसणं म्हणजे मी वाचावं एवढंच होतं. बाकी चाळीस जणांबद्दल माझ्या नियमात काहीच नव्हतं.

मी त्याला बाजूला घेऊन सॉरी म्हटलं. तो म्हणाला, काय नाही मॅडम. वडिलांना बोलवावं का, झोपेचं सांगावं का, की तेही पुन्हा त्याचंच पान उघडून दाखवणं होईल, हे अजून ठरत नाहीये. स्टाफरूममध्ये मोबाईलचा विषय निघाला तेव्हा मी एवढंच म्हटलं की त्याला झोपू द्या दहा मिनिटं, माझ्या तासाला चालेल.

आता तो रोज लिहितो, दहा मिनिटं पूर्ण, मान वर न करता. आणि प्रत्येक पानाला घडी. वही घड्यांनी इतकी फुगलीय की गठ्ठ्यात वरच ठेवावी लागते. मी खाली तारीख टाकते आणि परत देते.